जामावरचे दात

जालन्याच्या त्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा पाडायची ठरली, तेव्हा तिथल्या तरन्नुम मॅडमचा मला फोन आला. "मॅडम, तुमच्या काकूंनी केलेली मेणाची फळं अजून कपाटात आहेत. नव्या इमारतीत सगळं पडद्यावर दाखवणार म्हणतात. माझ्यानं फेकवत नाहीत. तुम्ही येऊन घेऊन जा."

मी गेले. फाल्गुन संपत आला होता आणि दुपार तापली होती. काचेचं कपाट उघडताच कोंडलेली ऊब अंगावर आली. तिला मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. वरच्या फळीवर सीताफळ, एकेक डोळा वेगळा रंगवलेलं. त्याच्या शेजारी आडवी कापलेली मोसंबी, उकललेलं उंबर आणि त्यात सुईच्या टोकानं काढलेले बारीक किडे. आंबा इतक्या उन्हाळ्यांनी एका कुशीवर बसला होता. सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीकडं तोंड करून, जाम होता.

पुस्तकात त्याला पेरू म्हणतात. आमच्याकडं जाम. त्याच्याखालच्या चिठ्ठीवर काकांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'पेरू. कच्च्या फळावरील जखम, भरलेली.'

मी तो उचलला. मेण उन्हानं नरम झालं होतं, माणसाच्या अंगाइतकं कोमट. माझा अंगठा आपोआप त्या जागेवर गेला. वर एक अर्धगोल, खाली एक अर्धगोल, आणि वरच्या ओळीत मधोमध एक फट.

"आम्हीपण विद्यार्थी असताना हा काढलेला," तरन्नुम मॅडम म्हणाल्या. "मला तर वाटायचं, खारीचे दात असतील."

ओढणीत गुंडाळून जाम पिशवीत ठेवला, आणि बाकीच्या फळांना नंतर येते म्हणाले.

*

आमचं गाव टेंभुर्णी. वडील शेती करायचे. माझी शाळा नीट व्हावी म्हणून त्यांनी मला बदनापूरला काकांकडं आणून सोडलं. काका जालन्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे, आणि त्यांच्या डब्याच्या पिशवीत रोज काहीतरी असायचं: किडलेलं डाळिंब, दोन तोंडांचं वांगं, शेंदरी बुरशी चढलेलं लिंबू. काकू मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. त्यांची मुलगी चिमी. मी आले तेव्हा ती पहिलीत जायला लागली होती, आणि पहिल्याच दिवशी तिनं आपल्या अंथरुणाची अर्धी जागा मला हातानं झाडून दिली.

त्या घराचा वास मला अजून येतो. ओल्या रंगाचा, मेणाचा, आणि ऋतूप्रमाणे एकेका फळाचा. बैठकीत बुद्धाची तसबीर होती. तिच्याखाली, भिंतीला लागून, काकूचे तक्ते वाळत पडलेले असायचे. कॉलेजसाठी काका तिच्याकडून ते करून घेत. उभा छेद, आडवा छेद, बिया, गर, साल. काकू आधी फळ नुसतं हातात धरून बसायची. त्याच्यावरून बोट फिरवायची. मग रंग कालवायची. एका कच्च्या आंब्यासाठी तिनं किती हिरवे केले असतील, सांगता येत नाही.

त्यांची भांडणंही फळांवरूनच व्हायची.

"हा डाग कशाला काढला?" काका विचारायचे. "तक्त्यात डाग नको. पोरांना वाटेल, प्रत्येक मोसंबीला डाग असतो."

"डाग बी तिचाच हाये ना. तुम्ही मला मोसंबी दिली, मी मोसंबी काढली."

"मी तुला जात दाखवायला सांगितली. ही एकच एक मोसंबी कशाला?"

"मला एकएकच दिसती," काकू म्हणायची. मग काका हसून तक्ता गुंडाळायचे, डागासकट.

रविवारी काका आम्हा दोघींना मागच्या अंगणात बसवून फळ कापून दाखवायचे. फळ म्हणजे फुलाचं पोट, ते सांगत. पाकळ्या गळतात, पोट वाढत जातं. जामाच्या बुडाशी जो वाळका मुकुट असतो ना, ती फुलाची खूण. फूल गेलं तरी ती जात नाही. चिमी जाम उलटा करून त्या मुकुटाला नाक लावायची आणि म्हणायची, "फुलाचा वास येऊन राह्यला, बाबा." तो येत नसे. पण ती इतक्या खात्रीनं म्हणायची की मीही हुंगून बघायची.

जामाचं झाड धुण्याच्या दगडाजवळ होतं. त्याची साल सापाच्या कातीसारखी सुटायची आणि खालून गुळगुळीत, थंड, माणसाच्या दंडासारखं खोड निघायचं. काकांचा नियम होता: कच्चं फळ तोडायचं नाही. श्रावणात झाडाला लिंबाएवढे जाम लागले. एका दुपारी आम्ही कपडे वाळत घालत होतो, तर चिमी खालच्या फांदीशी टाचा उंच करून उभी. हात मागं बांधलेले. फांदीवरच्या जामाला तिनं तोंड लावलं होतं.

"चिमे! कच्चा हाय तो!" काकू ओरडली.

चिमीनं तोंड वाकडं करून तुरट थुंकी टाकली. तिचा वरचा पुढचा दात नुकताच पडला होता. "तोडला न्हाई मी," ती म्हणाली, "फक्त चावला."

त्या संध्याकाळी काकांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

*

भादव्यात काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही, आणि सांगूनही उपयोग नाही. चिमीला ताप होता. तिला जालन्याला नेलं. काका तिला चादरीत गुंडाळून घेऊन आले. मागं काकू होती. तिच्या हातात चिमीच्या चपला होत्या.

टेंभुर्णीहून सगळे आले, त्रिशरण झालं, माणसं गेली. त्यानंतर घर असं शांत झालं की रंगाच्या वाटीत माशी पडली तरी ऐकू यावी. काकू शाळेत जायची, परत यायची, स्वयंपाक करायची. ब्रशाला मात्र तिनं हात लावला नाही. चिमीचा निळा फ्रॉक दोरीवर तसाच राहिला, आणि तो काढायचा धीर आम्हा कुणालाच झाला नाही.

दसरा झाला असेल. मी अभ्यास करत होते. मागून काकूची हाक आली. आवाज अगदी रोजचा, भाजी निवडायला बोलवावं तसा.

"इकडं ये गं. हिचे दात बघ."

मी गेले. ती खालच्या फांदीशी उभी होती. पानांआड तो जाम होता. बाकीच्यांसारखाच वाढलेला, मुठीत मावेल एवढा. त्याच्या एका अंगाला तपकिरी, खरबरीत खपली धरली होती आणि त्या खपलीत दात होते. वरचे, खालचे. मधे फट.

मी काकूकडं बघितलं. ती हसत होती. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त भीतिदायक वाटलं.

काका आल्यावर त्यांनी भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं. मग मला समजवायला लागले, कारण काकूला समजवायची त्यांची हिंमत नव्हती. "कच्च्या फळाला जखम झाली की फळ तिच्यावर बुचासारखा थर चढवतं. आतलं पाणी जाऊ नये म्हणून. मग फळ वाढतं तशी जखमही त्याच्याबरोबर ताणली जाते. कोवळ्या भोपळ्यावर कुणी नखानं नाव कोरलं, तर भोपळ्यासोबत अक्षरंसुद्धा..."

तिथं ते थांबले. भिंग खाली घेतलं आणि ते आत गेले.

पण मला कळलं होतं. आणि काकूला तर आमच्या आधीच कळलं होतं. तो जाम वाढत होता आणि त्याच्यावरचे दात मोठे होत होते.

त्या दिवसांतल्या दुपारी आठवल्या की अजून कानात एक सुन्न आवाज भरतो. कार्तिकातलं पिवळं ऊन, दूर रुळांवरून जाणारी मालगाडी, आणि जामाखाली पाट टाकून बसलेली काकू. तिनं पुन्हा ब्रश हाती घेतला होता. ती रोज तोच जाम काढायची. पोपटांचे थवे झाडावर यायचे, वरचे जाम कुरतडून खाली टाकायचे, पण त्या फांदीवर बसत नसत. काका म्हणाले, खपलीचं फळ पाखरांना आवडत नाही. ते खरंही असेल. मी मात्र शाळेतून आले की मागच्या दारानं यायचं सोडून दिलं.

मग एके दिवशी मी काकूला चिमीचा फ्रॉक मांडीवर घेऊन बसलेली पाहिलं. ती खालची दुमड उसवत होती.

"काय करून राह्यल्या, काकू?"

"लांब करून राह्यले. आखूड झाला असंल की."

तिनं जामाकडं मान वळवली. मीही बघितलं. श्रावणात लहान, दाटीवाटीचे होते ते दात आता रुंद झाले होते. सात-आठ वर्षांच्या मुलीचे वाटावेत असे.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या आळीतली यमुनाबाई एका मंगळवारी आमच्या मागच्या अंगणात येऊन गेली. आम्ही परत आलो तेव्हा झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लागलेलं, दोरा गुंडाळलेला, आणि खाली नारळ. काकांनी ते पाहिलं. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी दोरा तोडताना तो चढला.

"आपल्या घरात हे? आपल्या?" ते काकूला म्हणाले. "तुझ्यामुळं हे झालं. तू त्या झाडाखाली बसून राहतेस, लोकांनी काय समजावं? ते फळ आहे. वर त्याचं देठ आहे, आत बी आहे. बिलकुल दुसरं काही नाही."

"मी कुठं दुसरं म्हणाले?" काकू शांतपणे म्हणाली. "मी दोरा बांधला का? मी तर नुसती बघती हाये. तुम्हीच शिकवलं, बघून काढायचं."

काकांनी बुंधा पाण्यानं धुतला. कुंकवाचं लाल पाणी धुण्याच्या दगडाखालून वाहत गेलं. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजातून बारीक जाळी घेऊन आले आणि त्यांनी ती जामाभोवती बांधली. पाखरांपासून, म्हणाले. पण पाखरं त्या फांदीवर येतच नव्हती, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

तेव्हापासून उलटंच होत गेलं. काकू हळूहळू बोलू लागली, शाळेतल्या मुलींच्या गोष्टी सांगू लागली. आणि काका त्या झाडाभोवती घुटमळू लागले. सकाळची गाडी पकडण्याआधी एकदा, आल्यावर हातपाय न धुता एकदा. फांदीला त्यांनी बांबूचा टेकू दिला. जाम पिवळसर व्हायला लागला तसे ते जेवेनासे झाले. पिकलेलं फळ देठापाशी आपोआप सुटतं, एक पातळ थर तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळकीनंही ते पडतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मार्गशीर्षात त्याचा वास सुटला. पिकल्या जामाचा वास तसा दांडगाच असतो, पण हा घरात शिरून बसला. अंथरुणात, डब्यात, माझ्या वेणीत. चिमीच्या रिकाम्या अर्ध्या जागेवरून तो यायचा असं मला वाटे, आणि मी डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायची.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं झाडाशी उभे होतो. काकांनी जाळी जरा बाजूला केली. जाम पिवळाधमक झाला होता आणि त्याच्यावरचे दात चांगले मोठे, रुंद, बाईमाणसाचे. फट तेवढी तशीच.

काकू खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघा. वयात आली."

काकांनी तोंडावर हात घेतला.

"आता ठिवून न्हाई चालायचं," ती म्हणाली. "सडंल."

"राहू दे," काका म्हणाले. "दोन दिवस. राहू दे गं."

"तुम्हीच सांगा. ठिवल्यानं राहतं का?"

काकूनं जामाखाली तळवा धरला. तोडावा लागलाच नाही. हात लागताच तो तिच्या हातात आला.

*

पुढचं सगळं तिनं तिच्या पद्धतीनं केलं, घाई न करता. काकांनी कॉलेजातून प्लास्टर आणि मेण पूर्वीच आणून ठेवलेलं होतं. तिनं जामाला तेलाचा हात फिरवला, एका अंगानं प्लास्टरमध्ये बसवला, मग दुसऱ्या अंगानं. साचा वाळला तेव्हा फळ अलगद सोडवलं. चुलीवर मेण वितळत होतं, त्यात ती पिवळा, किंचित हिरवा, आणि काडीच्या टोकानं तपकिरी कालवत होती. मेण ओतून निवल्यावर साचा उघडला. टेबलावर दोन जाम झाले. थोडा वेळ कुठला खरा ते मलाही सांगता आलं नाही, आणि वास दोन्हींचा येत होता.

मग तिनं सुरी घेतली.

"नको," काका म्हणाले.

"उभा छेद," काकू म्हणाली. "तुमच्याच तक्त्यासाठी."

आत गुलाबी निघाला. दातांच्या बरोबर खाली गर घट्ट, दाणेदार झाला होता. फळ त्या जागेला वळसा घालून वाढलं होतं, नदीनं दगडाला घालावा तसा. बियांपर्यंत काही पोचलं नव्हतं. काकूनं ते पाहून रंगवलं, काहीही न गाळता. मग फोडी केल्या, मीठ लावलं आणि ताटली आमच्यासमोर ठेवली.

मी एक फोड खाल्ली. भीतीनं दात आवळले होते, पण तो गोड होता. साधा, पिकलेला, गोड जाम. ते कळलं आणि मी रडायला लागले. भादव्यापासून पहिल्यांदाच रडले. काकांनी फोड हातात धरली आणि धरूनच बसले. शेवटी काकूनं त्यांचं मनगट धरून हात त्यांच्या तोंडाशी नेला, आजारी माणसाला भरवावं तसं. दात असलेली फोड तिनं स्वतः खाल्ली, खपलीसकट. चावून चावून, सावकाश.

हात धुऊन आल्यावर ती काकांना म्हणाली, "मेणाचा तुम्ही कॉलेजात न्या. घरात नको."

त्यांनी सोमवारी सकाळच्या गाडीनं तो नेला. डब्याच्या पिशवीत, वर रुमाल झाकून.

*

निवृत्त होईपर्यंत काका दरवर्षी मुलांना तो जाम काढायला लावत. जखम फळाबरोबर कशी वाढते, हे समजावत. ती कुणी केली, हे त्यांनी एकाही वर्गाला सांगितलं नाही. पोरंपोरी पेन्सिल टोकदार करून चिमीचे दात काढत राहिल्या, बाण ओढून नावं लिहीत राहिल्या. कुणाला दहापैकी आठ, कुणाला नऊ मिळाले असतील. काका आता नाहीत. बदनापूरचं घर विकलं. काकू माझ्याकडं जालन्यात असते. तिला कमी दिसतं, पण बाजारातून आणलेलं फळ ती अजून आधी हातात धरून बसते.

कपाटातून जाम आणला त्या संध्याकाळी मी ओढणी सोडली आणि काही न सांगता जाम तिच्या ओंजळीत ठेवला.

तिनं बोट फिरवलं. मुकुटावरून, पोटावरून. मग ते त्या जागेवर थांबलं. घरात कुठं वास नव्हता, आणि तरी मला वाटलं की येतोय.

"बारीक झाले गं हिचे दात," ती म्हणाली.

खरं होतं. इतक्या उन्हाळ्यांनी मेण थोडं थोडं वितळलं होतं, कडा बुजल्या होत्या. रुंद झालेले ते दात पुन्हा लहान, पुसट झाले होते.

"इथं काय करायची ही?" थोड्या वेळानं काकूनं विचारलं. "आपण दोघी म्हाताऱ्या. दिवसभर दार लावून बसतो. परत नेऊन ठिव. तिथं पोरी असत्यात."

"काकू, ती लॅबच पाडून राह्यलेत."

"मंग नव्या जागी ठिव म्हणाव. त्या मॅडमला सांग. जल्दी जा, उन्हात ठिवू नको."

मी सोमवारी गेले. तरन्नुम मॅडमना, अखेर, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, डोळ्यांना पदर लावला, आणि नव्या प्रयोगशाळेतल्या पडद्याखालचं टेबल स्वतः पुसलं. चुना अजून ओला होता. खिडक्यांना काचा बसायच्या होत्या. पहिल्या वर्षाच्या मुली आत आल्या, बाक सरकवत, एकमेकींना ढकलत, हसत, आणि टेबलाभोवती गोळा झाल्या. मी जाम त्यांच्या मधोमध ठेवला. कागद पसरले गेले, पेन्सिली निघाल्या, हळूहळू गलका खाली बसला.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं मान तिरकी करून पाहिलं.

"मॅडम, जरा खिडकीकडं फिरवा ना. हिचे दात दिसंनात."

ती 'हिचे' का म्हणाली, ते मी विचारलं नाही. मी जाम उजेडाकडं वळवला.